किनाऱ्यावरचे चौदा

माणगावहून येणारा रस्ता म्हसळ्याला पोहोचतो आणि तिथून फुटतो. एक वाट श्रीवर्धनला जाते, दुसरी बोर्लीपंचतनवरून दिवेआगरच्या समुद्राला. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत हा सारा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाचा होता. श्रीवर्धन हे भट घराण्याचे गाव. १७१३ साली पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ इथलेच. राजपुरीच्या खाडीच्या वरच्या अंगाला मांदाडजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत, आणि ग्रीक लेखकांनी नोंदवलेले मांदागोरा बंदर ते हेच मांदाड, असे काही अभ्यासक मानतात. कोकणी मुसलमानांची वस्ती इथे पिढ्यान्‌पिढ्यांची. आणि रायगडच्या या सबंध किनारपट्टीत एके काळी आणखी एका समाजाची घरे होती. ते मराठी बोलत, घाण्यावर तेल गाळत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. हे यहुदी स्वतःला बेने इस्रायल म्हणवत. दिवेआगरवरून दिवेकर, किहीमवरून किहीमकर, अष्टमीवरून अष्टमकर अशी त्यांची आडनावे इथल्या गावांनीच दिलेली.

या किनाऱ्यावर दोन समाज आपल्या मुळाची कथा सांगत आले, आणि त्या दोन कथा चकित व्हावे इतक्या एकसारख्या आहेत.

पहिली चित्पावनांची. परशुरामाने समुद्र हटवून कोकणभूमी मिळवली, पण धर्मकृत्याला ब्राह्मण मिळेनात. तेव्हा गलबत फुटून किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते त्याला दिसली. त्याने ती चितेवर ठेवून शुद्ध केली, त्यांत प्राण घातला, आणि त्यांच्यापासून चित्पावनांचा वंश सुरू झाला. दुसरी बेने इस्रायलांची. फार पूर्वी पश्चिमेकडून आलेले एक जहाज अलिबागच्या उत्तरेला खांदेरी-उंदेरीजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांची प्रेते लाटांनी वाळूवर आणून टाकली. ती तिथेच पुरली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. त्या चौदा जणांपासून पुढचा सारा समाज वाढला.

समुद्र तोच, फुटलेले जहाज तेच, आणि आकडाही चौदाचाच. मग कोणी कोणाची कथा घेतली?

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. चित्पावनांची उत्पत्ती स्कंदपुराणाचा भाग मानल्या गेलेल्या सह्याद्रिखंडात येते, म्हणजे तिला ग्रंथाचा आधार आहे. दुसरीकडे नवगावची कथा हा बेने इस्रायलांच्या ओळखीचा पाया आहे. तिथल्या दफनभूमीला समाज आजही मान देतो. शिवाय एकोणिसाव्या शतकातील मुंबईत हाच प्रश्न याहून कितीतरी मोठ्या ग्रंथांबद्दल विचारला जात होता. रामायण होमरवरून घेतले का? गीता बायबलवरून? बायबलमधला जलप्रलय बाबिलोनवरून? त्या वादांत मराठी माणसांनी जी समज दाखवली, ती घेऊन या दोन कोकणी कथांकडे पाहिले तर बरेच काही उलगडते.

वादाची हवा आधीपासूनच तापलेली होती. जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत आला. हिंदू शास्त्री, पारशी दस्तूर आणि मुसलमान विद्वान या सर्वांशी त्याने धर्मग्रंथांवर वाद घातले. बेने इस्रायलांत त्याने शाळा काढल्या, त्यांच्यासाठी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले, आणि इस्रायलच्या हरवलेल्या दहा कुळांशी त्यांचा संबंध असावा अशी मांडणी केली. अशा वातावरणात साम्य हे नुसते साम्य राहत नाही. ‘तुमचे आमच्यासारखे दिसते, म्हणजे तुम्ही ते आमच्याकडून घेतले’, असे म्हटले की मूळ ग्रंथ एकाचा ठरतो आणि दुसऱ्याच्या हाती नक्कल उरते. ज्याच्या हाती राज्य, त्याला हे म्हणणे सोपे जाते.

१८७० साली आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने रामायणावर निबंध लिहिला. सीतेचे हरण आणि हेलनचे हरण, लंकेचा वेढा आणि ट्रॉयचा वेढा, जनकाघरचे धनुष्य आणि युलिसीसचे धनुष्य अशा जोड्या लावून त्याने वाल्मीकीवर होमरची छाया पडल्याची शक्यता मांडली. मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त १८७२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर आले. त्याच वर्षी, ३ डिसेंबरला, लंडनमध्ये जॉर्ज स्मिथने मातीच्या विटांवर कोरलेली बाबिलोनी जलप्रलयाची कथा वाचून दाखवली आणि युरोपातल्या धर्मनिष्ठ वाचकांची झोप उडाली. दुसऱ्यांच्या ग्रंथांना लावली जाणारी कसोटी आता बायबललाही लागली होती.

वेबरला उत्तर दिले ते काशीनाथ त्र्यंबक तेलंगांनी. १८५० साली मुंबईत जन्मलेला हा तरुण पुढे उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती आणि मुंबई विद्यापीठाचा पहिला भारतीय कुलगुरू झाला. १८७३ साली, वयाच्या विशी-तेविशीत, त्यांनी रामायण होमरवरून घेतले का, या प्रश्नावर पुस्तिका छापली. त्यांचे उत्तर नकाराचे होते; पण वाचण्यासारखी आहे ती त्यांची पद्धत. ते वेबरवर चिडत नाहीत. प्रत्येक साम्य उचलून त्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत अशी त्यांच्या विवेचनाची धाटणी आहे: हे साम्य खरोखर किती जवळचे आहे, कोणता ग्रंथ आधीचा आहे, आणि हीच गोष्ट आपल्याच जुन्या वाङ्मयातून समजते का. पराक्रमी पुरुष जड धनुष्य वाकवतो हे दाखवायला कोणत्याही योद्ध्यांच्या समाजाला परदेशी कवीची गरज पडत नाही.

लगेच दुसरी पाळी आली. ब्रेस्लाऊचा फ्रांझ लोरिन्सर याने १८६९ साली गीतेचे जर्मन भाषांतर केले होते आणि शेवटी नव्या करारातील उताऱ्यांशी जुळणाऱ्या वचनांची लांबलचक यादी दिली होती. गीताकाराला ख्रिस्ती ग्रंथ माहीत होता, असा त्याचा निष्कर्ष. तेलंगांनी १८७५ साली गीतेच्या आपल्या इंग्रजी पद्यानुवादाला प्रदीर्घ प्रस्तावना जोडून तो खोडून काढला. ज्या कल्पना लोरिन्सरला ख्रिस्ती वाटतात त्या उपनिषदांपासून इथे वाहत आल्या आहेत, हा त्यांचा मुख्य आधार. यादी लांब असल्याने पुरावा भक्कम होत नाही. ईश्वरावर श्रद्धा ठेवावी, वासना आवरावी, सर्वांभूती समभाव असावा, ही वचने शंभर ठिकाणी जुळली तरी ती एकाच घरून निघाली असे ठरत नाही.

मालवणात जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची कामगिरी मला तेलंगांच्याही पुढची वाटते, कारण त्यांनी हीच कसोटी स्वतःला आवडणाऱ्या उत्तरावरही चालवली. कृष्णाच्या कथा ख्रिस्तावरून आल्या असा सूर वेबरने १८६७ साली लावला होता. भांडारकरांनी १८७४ साली पतंजलीच्या महाभाष्यातले कृष्णाचे उल्लेख पुढे ठेवले. ख्रिस्तजन्माच्या आधी दीडेकशे वर्षे कंसवधाची गोष्ट लोक पाहत-ऐकत होते, ती जुनी मानत होते. वासुदेवाची भक्ती ख्रिस्तपूर्व आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. इथे थांबले असते तरी त्यांची वाहवा झालीच असती. पण १९१३ सालच्या वैष्णव-शैव संप्रदायांवरील ग्रंथात त्यांनी असेही लिहिले की गोकुळातल्या बाळकृष्णाच्या कथा जुन्या उल्लेखांत सापडत नाहीत; त्या आभीरांबरोबर मागाहून आल्या असाव्यात आणि त्यांत ख्रिस्ती कथेचा अंश असणे शक्य आहे. हे मत पुढे अनेकांनी नाकारले. तरीही एका श्रद्धावान प्रार्थनासमाजी पंडिताने आपल्या लोकांना न रुचणारी शक्यता छापून ठेवावी, याला मोठे बौद्धिक धैर्य लागते.

टिळकांचेही तसेच. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या परिशिष्टात त्यांनी गीता आणि ख्रिस्ती बायबल यांच्या साम्याचा स्वतंत्र विचार केला आणि लोरिन्सरचा पक्ष उलटा फिरवला. पण दोनच वर्षांनी, भांडारकरांना अर्पण केलेल्या गौरवग्रंथात, त्यांनी खाल्डियन आणि भारतीय वेदांवर लेख लिहिला. अथर्ववेदातल्या सर्पविषाच्या मंत्रांत तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला असे शब्द येतात. संस्कृतात त्यांची व्युत्पत्ती नीट लागत नाही. टिळकांनी म्हटले की हे बाबिलोनकडचे आहेत. आणि काही शब्द इथून तिकडे गेले असेही सुचवले. त्यांचे सगळे जोड आज मान्य नाहीत. पण वेदांचा जाज्ज्वल्य अभिमान बाळगणारा माणूस वेदात परका शब्द असल्याचे मान्य करतो, तेव्हा तो नेमक्या कोणत्या खुणेवर बोट ठेवतो ते पाहावे. जे घरच्या व्याकरणात बसत नाही, ज्याला घरचे कारण नाही, तेच त्याला बाहेरचे वाटते.

घरचे कारण नसणे, ही उसनवारीची सर्वांत भरवशाची खूण आहे.

बाबिलोनी जलप्रलय म्हणूनच एवढा बोचतो. पूर येतो, नावेत जीव वाचतात, एवढे तर शतपथ ब्राह्मणात मनूच्या कथेतही आहे; नदीकाठी राहणाऱ्यांना पूर कोणी शिकवावा लागत नाही. पण पूर ओसरला का हे पाहण्यासाठी नावेतून एकामागून एक पक्षी सोडणे, हा तपशील बाबिलोनी कथेत कबुतर, पाकोळी आणि कावळा असा येतो, आणि नोहाच्या कथेत कावळा आणि कबुतर असा. पुढे डोंगरावर नाव टेकते, बाहेर पडल्यावर होम होतो, देवाला त्याचा सुवास येतो. असे बारकावे त्याच क्रमाने जुळू लागले आणि दोन्ही समाज शेजारी राहिल्याचा इतिहास ठाऊक असला की योगायोग म्हणणे कठीण होते. मनूच्या कथेतली शिंगवाली मासळी मात्र त्या दोघांकडेही नाही.

बुद्धचरित्राचा प्रवास तर टप्प्याटप्प्याने दिसतो. राजपुत्र राजवाडा सोडून वैराग्य घेतो ही कथा इराण, अरबस्तान, जॉर्जिया आणि ग्रीस असा प्रवास करत युरोपात पोहोचली, आणि बोधिसत्त्वाचे नाव बदलत बदलत जोसाफत नावाचा ख्रिस्ती संत झाला. मधली हस्तलिखिते उपलब्ध आहेत. असे दुवे हाती असले की वाद उरत नाही.

आता पुन्हा रायगडच्या वाळूवर.

बेने इस्रायलांची एक आठवण अशी की कोचीनकडून आलेल्या दावीद राहाबीने त्यांना यहुदी म्हणून ओळखले. हे तेली शनिवारी काम करत नाहीत, मुलांची सुंता करतात, ‘शेमा’ एवढी एकच प्रार्थना म्हणतात, हे त्याने पाहिले. मग त्याने बायकांपुढे मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी उचलली आणि बाकीची बाजूला सारली. राहाबी केव्हा आला यावर एकमत नाही. पण कोचीनच्या यहेज्केल राहाबीचे १७६८ सालचे पत्र उपलब्ध आहे, आणि त्यात तेल गाळणाऱ्या, शनिवारचा शब्बाथ पाळणाऱ्या, शेमापलीकडे फारसे न जाणणाऱ्या कोकणातल्या बेने इस्रायलांचे वर्णन आहे. इथे साम्य हा सज्जड पुरावा ठरतो. ज्या किनाऱ्यावर चिंबोरी, कोलंबी आणि शिंगाळा आवडीने खातात तिथे ते टाकून देण्याला, आणि ऐन धंद्याच्या दिवसांत दर शनिवारी घाणा थांबवण्याला, कोकणात कारण सापडत नाही. ते दूरच्या धर्मशास्त्रातच सापडते.

मग हीच कसोटी चौदाच्या आकड्याला लावावी.

चित्पावनांची परंपरेने चौदा गोत्रे. मूळपुरुष चौदा असण्याला घरचे कारण आहे. त्यासाठी नवगावला जायची गरज नाही. बेने इस्रायलांकडे आकडा मुळात चौदा नाहीच, सात जोडपी असा आहे. सात हा यहुदी परंपरेचा जिव्हाळ्याचा आकडा: सातवा दिवस शब्बाथाचा, नोहाच्या नावेत शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या. तिथेही घरचे कारण आहे. बेरीज सारखी आली, हिशेब वेगवेगळे आहेत.

जहाज फुटण्याचेही तेच. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वाळूवर ओढून ठेवणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर पावसाळी समुद्राने माणसे आणून टाकणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. चौल हे प्राचीन काळापासून पश्चिमेशी व्यापार करणारे बंदर. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसुदी तिथे आला तेव्हा त्याला मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वसाहत दिसली. बाहेरून आलेल्या कोणत्याही समाजाला इथे ‘आम्ही समुद्रातून आलो’ हेच सांगावे लागले असते. दिवेकर हे आडनाव जसे हिंदू आणि यहुदी घरांना एकमेकांकडून मिळालेले नाही, दोघांनाही दिवेआगरकडून मिळालेले आहे, तशीच ही चौकट दोघांना एकाच किनाऱ्याने दिलेली असू शकते.

आणि फरक? तो साम्याइतकाच बोलका आहे. एका कथेत प्रेते चितेवर चढून जिवंत होतात, दुसरीत ती पुरली जातात आणि पुरलेलीच राहतात. एकीचा भर अग्नीने येणाऱ्या शुद्धीवर, म्हणजे ब्राह्मण्य कसे मिळाले यावर. दुसरीचा भर बुडालेल्या ग्रंथांवर, म्हणजे या यहुद्यांजवळ तोरा हा धर्मग्रंथ का नव्हता यावर. प्रत्येक कथा आपल्या समाजाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि दोघांना विचारला जाणारा प्रश्न वेगळा होता.

इथे एक गुंता मात्र लपवून चालणार नाही. गोव्याकडचे डॉ. जोसेफ गर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत सह्याद्रिखंड छापले. त्यातल्या चित्पावनोत्पत्तीत परशुरामाला समुद्रकाठी चितेजवळ भेटतात ती जिवंत माणसे, कैवर्त म्हणजे मासे धरणारी. त्यांच्या साठ कुळांना तो पावन करतो. जहाज फुटल्याची आणि चौदा प्रेतांची गोष्ट लोकांच्या तोंडी होती, आणि ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदींत व गॅझेटियरांत उतरली. सह्याद्रिखंडाची पोथी बाळगल्याबद्दल वाईच्या एका ब्राह्मणाला दुसऱ्या बाजीरावाने अपमानित केल्याचे ग्रँट डफने १८२६ सालच्या आपल्या इतिहासात लिहून ठेवले आहे. म्हणजे पेशव्यांना हा मजकूर सलत होता. कैवर्त पूर्वजांच्या कथेपेक्षा समुद्राने आणलेल्या अनामिक प्रेतांची कथा सांगायला सोयीची गेली असेल का? शक्य आहे. ती सांगताना शेजारच्या तेल्यांची गोष्ट कानावर होती का? तेही शक्य आहे. उलट दिशाही तितकीच शक्य: नवगावची कथा आज आपल्याला मिळते ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या लेखनातून. हाइम सॅम्युएल किहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून पूर्ण केला, आणि तो १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यांनी आगमनाचा काळ ख्रिस्तपूर्व १७५ धरला; त्याला आधार तर्काचा आहे, लेखाचा नाही. दोन्ही कथांची लेखी वये जवळजवळ आली की कोण आधी, हे साम्यावरून सांगता येत नाही.

या किनाऱ्यावर देवघेव झाली नाही असे मात्र कोणी म्हणू नये. जिथे झाली तिथे ती उघड दिसते. नवसाला किंवा शुभकार्याला बेने इस्रायल मलिदा करतात: पोहे, नारळ, साखर, फळे, त्यावर एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने हिब्रू प्रार्थना. नाव आणि ताट कोकणातले, प्रार्थना इस्रायलची. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या अशी त्यांची श्रद्धा आहे. १८८० साली बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठीत बायबलच्या कथांवर कीर्तने सुरू केली, हरिदासाच्या धाटणीने, साकी-दिंडीसकट. त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षे गोव्यात फादर स्टीफन्सने ओवीत ख्रिस्तपुराण रचले होते, ते १६१६ साली छापले गेले. घेणारा कोण, कोणाकडून घेतले, केव्हा आणि कशासाठी, हे सारे ठाऊक आहे. ख्रिस्तपुराण ओवीत आहे म्हणून त्यातला ख्रिस्त ज्ञानेश्वरीतून आला, असे कोणी म्हणत नाही. रूप घेतले जाते, आशय आपला राहतो. कधी याच्या उलटही होते.

२०१६ साली बेने इस्रायलांच्या जनुकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश ठळकपणे आढळले, आणि त्यांची सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाल्याचा अंदाज आला. समाज बाहेरून आला, ही त्यांची मूळ आठवण त्यातून पुष्ट होते. जहाज, चौदा जण आणि नवगाव यांबद्दल जनुके काही सांगत नाहीत. सांगणारही नाहीत.

तेव्हा निवाडा असा: शनिवारचा बंद घाणा आणि खवल्यांची मासळी हा वारशाचा पुरावा आहे, किनाऱ्यावरचे चौदा हा उसनवारीचा पुरावा नाही. चित्पावनांनी यहुद्यांची कथा घेतली किंवा यहुद्यांनी चित्पावनांची, असे आज जो ठामपणे सांगतो तो हाती असलेल्या कागदांपेक्षा जास्त बोलतो. या एका आकड्यावर चित्पावन मुळात यहुदीच, असे मनोरे रचण्याचे प्रकार तर पूर्णपणे सोडून द्यावेत.

प्रश्न सुटायचा असेल तर जुना कागद हवा. म्हसळा, श्रीवर्धन, बोर्ली, नांदगाव, रेवदंडा या पट्ट्यातल्या घरांत माळ्यावर अजून कुळवृत्तांत, कैफियती, पोथ्या, हिब्रू-मराठी प्रार्थनावह्या पडून आहेत. बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली तेव्हा काही वह्या शेजाऱ्यांकडे राहिल्या असण्याचाही संभव आहे. १८०० च्या आधीचे एखादे पान, ज्यात यांपैकी कोणतीही एक कथा लिहिलेली आहे, साऱ्या तर्कांपेक्षा मोलाचे ठरेल. असे काही हाती लागले तर रद्दीत घालू नका, वाळवी लागू देऊ नका. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आहे. पान तिथे दाखवा, किंवा निदान त्याचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवा.